कर्ज फिटले तरी सातबाऱ्यावर बोजा का राहतो?

राज्यात कर्जमाफीची चर्चा सुरू झाली की आकड्यांवर भरपूर बोलले जाते : मर्यादा किती, थकबाकीची तारीख कोणती, पात्र कोण आणि अपात्र कोण. कर्ज माफ झाल्यावर, किंवा स्वतःच्या कष्टाने फेडल्यावर, जमिनीच्या कागदाचे काय होते याविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही. बँकेचा निरंक दाखला घरात जपून ठेवलेला असतो, शेवटचा हप्ता कधीच भरून झालेला असतो, आणि वाटणीसाठी किंवा नव्या कर्जासाठी सातबारा काढला की ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचे नाव आणि रक्कम जशीच्या तशी उभी दिसते. मग कुणाला वाटते बँकेने फसवले, कुणाला वाटते तलाठ्याने अडवून धरले. बहुतेक वेळा या दोन्हींपैकी काहीच झालेले नसते. कर्ज संपणे आणि बोजा उतरणे या दोन वेगळ्या घटना आहेत, पहिली घडली म्हणून दुसरी आपोआप घडत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट कर्ज देताना कर्जदाराला समजावून सांगितली जात नाही.

बोजा म्हणजे काय

मालकी एकाची असताना त्याच मालमत्तेवर दुसऱ्या कुणाचा तरी पैशाचा किंवा अन्य प्रकारचा हक्क चढलेला असतो, त्याला बोजा म्हणतात. वकिलांच्या इंग्रजी कागदांत यालाच एन्कम्ब्रन्स म्हणतात आणि तो दूर करण्याला डिसएन्कम्बर करणे; आपल्या महसुली भाषेत बोजा ‘चढतो’ आणि ‘कमी होतो’.

सोनेतारण कर्ज सर्वांच्या परिचयाचे आहे. दागिने बँकेत ठेवायचे, पैसे घ्यायचे, पैसे फेडले की दागिने हातात परत. दागिना हातात आला की तो सुटला, यात शंकेला जागाच उरत नाही. जमिनीचे तसे होत नाही, कारण गहाण ठेवताना ती बँकेत जात नाही आणि सुटल्यावर बँकेतून परत येत नाही. सगळा काळ ती आपल्याच ताब्यात असते, आपणच ती कसतो. बदलते ते फक्त तिच्याविषयीचे लिखाण. त्यामुळे जमीन गहाण पडते ती कागदावर आणि ती सुटायची असेल तर तीही कागदावरच सुटावी लागते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ या कायद्यात पैशाच्या अशा हक्काचे दोन मुख्य प्रकार आहेत. कलम ५८ मध्ये गहाण येते, ज्यात कर्जाच्या हमीसाठी मालमत्तेतील हितसंबंधच कर्ज देणाऱ्याकडे जातो. कलम १०० मध्ये साधा भार येतो, ज्यात हितसंबंध जात नाही, पण त्या मालमत्तेतून पैसे वसूल करण्याचा हक्क निर्माण होतो. या दुसऱ्या प्रकाराची एक मर्यादा ध्यानात घेण्यासारखी आहे : भाराची कल्पना नसताना योग्य मोबदला देऊन ज्याने मालमत्ता विकत घेतली, त्याच्याविरुद्ध असा भार सामान्यतः बजावता येत नाही. सातबाऱ्यावर नोंद व्हावी म्हणून कर्ज देणारी संस्था इतकी आग्रही का असते, याचे उत्तर इथे आहे. नोंद झाली की ‘मला माहीत नव्हते’ असे पुढच्या खरेदीदाराला म्हणता येत नाही.

सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात कर्जाखेरीज इतरही नोंदी असतात. कुळाचा हक्क, पुनर्वसनासाठी संपादनाचा शेरा, विहिरीतील किंवा वाटेचा हक्क, अज्ञान वारसाच्या पालकाविषयीचा ‘अपाक’ शेरा, एकत्र कुटुंबाच्या कर्त्याविषयीचा ‘एकुमॅ’ शेरा, अशी ती यादी लांब आहे आणि प्रत्येक नोंद काढण्याची रीत निराळी आहे. या लेखात फक्त कर्जाच्या बोजाचा विचार केला आहे.

नोंद होते कशी

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्र उतारा. नमुना ७ हे अधिकार अभिलेखाचे पत्रक, नमुना १२ हे पिकांचे. या उताऱ्यावर थेट काहीही लिहिता येत नाही. प्रत्येक बदल आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांकासह लिहिला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठी फेरफार घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत दिली जाते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी तो फेरफार प्रमाणित करतो. मगच सातबाऱ्यावर ओळ बदलते. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. कामाची ही साखळी मात्र तीच आहे.

बोजाची ओळ नीट वाचायला शिकले पाहिजे. तिच्यात साधारणपणे कर्ज देणाऱ्या संस्थेचे आणि शाखेचे नाव, बोजाची रक्कम, कर्जदार खातेदाराचे नाव आणि शेवटी कंसात एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे ज्या फेरफाराने बोजा चढला त्याचा क्रमांक. बोजा उतरवताना हाच आकडा सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण एका गटात चार भाऊ सहखातेदार असतील आणि चौघांनी वेगवेगळ्या वर्षी एकाच बँकेतून कर्ज घेतले असेल, तर कोणती ओळ कुणाची हे त्या आकड्यावरूनच ठरते. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांवर कमी झालेली नोंद कंसात टाकत. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा अशा नोंदींवर आडवी रेघ मारून त्या दाखवाव्यात असे ठरले. म्हणून ओळ दिसली की लगेच घाबरू नये. तिच्यावर रेघ आहे का, हे आधी पाहावे.

‘पैसे फिटले की बोजा आपोआप उतरायला नको का?’

हा प्रश्न अगदी रास्त आहे. कायद्याच्या तत्त्वानुसार कर्ज पूर्ण फिटले की बँकेचा वसुलीचा हक्कही संपतो. गहाण ठेवणाऱ्याला ते सोडवून घेण्याचा हक्क त्याच १८८२ च्या कायद्याच्या कलम ६० ने दिला आहे. पैसे चुकते झाले की गहाण घेणाऱ्याने मालमत्तेचे कागद परत द्यावेत, ताबा घेतला असेल तर तो सोडावा, आणि गहाण ठेवणाऱ्याने मागितल्यास हक्क परत केल्याचा दस्त किंवा हक्क संपल्याची नोंदणीकृत पोच करून द्यावी, असे हे कलम सांगते. मागितल्यास, हे महत्त्वाचे. मागणारा कर्जदार आहे, खर्चही त्याचाच आहे.

दुसरी अडचण अभिलेखाच्या स्वभावात आहे. महसूल संहितेचे कलम १५७ असे मानते की अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद खरी आहे, जोवर ती खोटी असल्याचे सिद्ध होत नाही किंवा कायद्याने तिच्या जागी नवी नोंद येत नाही. हे कलम सामान्य माणसाच्या बाजूचेच आहे, कारण त्याच्यामुळे कुणीही येऊन सातबाऱ्यावरचे आपले नाव सहज पुसू शकत नाही. पण हाच नियम बोजाच्या ओळीलाही लागू होतो. बँकेच्या खात्यात शिल्लक शून्य झाली हे तलाठ्याला कळत नाही, आणि कळले तरी बँकेच्या लेखी कबुलीशिवाय तो ओळ काढू शकत नाही. बोजा चढवताना बँकेला घाई असते, म्हणून ती स्वतः पाठपुरावा करते. उतरवताना तिला घाई असण्याचे काही कारण नसते. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत अन्यायकारक भाग हाच आहे : ज्याने बोजा चढवून घेतला त्याच्यावरच तो उतरवून देण्याची मुदतबंद जबाबदारी असायला हवी, आणि शेतकर्जापुरती तरी ती आजही पुरेशी नाही.

काळ लोटल्यानेही ओळ जात नाही. गहाणाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत १२ वर्षे आणि गहाण सोडवण्यासाठीच्या दाव्याची मुदत ३० वर्षे, असे १९६३ चा मुदतीचा कायदा सांगतो. या मुदती न्यायालयात दावा करण्याच्या आहेत. बारा वर्षे उलटली म्हणून तलाठ्याने आपणहून बोजा कमी करावा, असा त्यांचा अर्थ होत नाही.

बोजा उतरवण्याची वाट

पहिले पाऊल बँकेत. तिथून दोन वेगवेगळे कागद घ्यायचे असतात आणि गफलत बहुधा इथेच होते. एक असतो निरंक दाखला, ज्याला कुठे बेबाकी दाखला तर कुठे नुसते ‘नो ड्यूज’ म्हणतात. कर्जदाराकडे काही येणे बाकी नाही, एवढेच तो सांगतो. दुसरे असते तलाठ्याच्या नावाने दिलेले बोजा कमी करण्याचे पत्र, ज्यात गावाचे नाव, गट क्रमांक, बोजाची रक्कम आणि शक्यतो जुना फेरफार क्रमांक लिहिलेला असतो. लोक पहिला कागद घेऊन समाधानाने घरी जातात. काम दुसऱ्या कागदाने होते.

हे पत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून भरायचा. त्या प्रणालीत बोजा चढवणे, बोजा कमी करणे, इकरार (सोसायटीच्या कर्जासाठीचे घोषणापत्र), वारस नोंद असे अर्जांचे स्वतंत्र प्रकार आहेत. पुढे नवा फेरफार निघतो, प्रमाणित होतो आणि नवा सातबारा मिळतो. तो हातात आल्यावर प्रत्येक गटाचा उतारा स्वतंत्र तपासावा, कारण कर्जासाठी तीन गट तारण दिलेले असतात आणि पत्रात दोनच लिहिले जातात, असे सर्रास घडते.

बँकेशी नोंदणीकृत गहाणखत झालेले असेल तर गहाणमुक्तीचा दस्तही दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावा. येथे एक सावधगिरी : हक्कसोडपत्र हा यासाठीचा दस्त नव्हे. हक्कसोडपत्र म्हणजे सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या सहहिस्सेदारासाठी सोडणे, आणि तो चुकून केला तर मालकीच बदलते.

शहरातल्या घरकर्जात वाट थोडी वेगळी आहे. तिथे बहुधा घराचे मूळ कागद बँकेकडे ठेवून गहाण निर्माण होते. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. शिवाय २०११ मध्ये सुरू झालेल्या सरसाई या केंद्रीय नोंदणीतही बँक तिची नोंद करते, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरातही बँकेचे नाव लागलेले असते. मूळ कागद परत मिळाले म्हणजे घर सुटले, असे मानून चालत नाही; या सर्व ठिकाणच्या नोंदी बंद झाल्या का, हे विचारून घ्यावे लागते.

‘दरवर्षी कर्ज घ्यायचेच आहे, मग बोजा कशाला उतरवायचा?’

विविध कार्यकारी सेवा सोसायटीचा सभासद असलेला शेतकरी असे म्हणतो तेव्हा त्याचे पूर्ण चूक नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ नुसार सभासद एक घोषणापत्र करून देतो, ज्याला इकरार म्हणतात. त्या घोषणापत्रातील जमिनीवर सोसायटीच्या कर्जाचा भार निर्माण होतो आणि पुढे हंगामागून हंगाम त्याच इकराराच्या मर्यादेत पीककर्ज मिळत राहते. दर वर्षी बोजा उतरवून पुन्हा चढवणे हा नुसता खटाटोप ठरेल.

तरीही तीन प्रसंगी तो उतरवणे अगत्याचे असते : सोसायटी सोडून दुसऱ्या बँकेकडे जायचे असेल तेव्हा, जमिनीची वाटणी किंवा विक्री करायची असेल तेव्हा, आणि वडिलांच्या नावाचे कर्ज फिटून शेती मुलांच्या नावावर व्हायची असेल तेव्हा. वारसांना जमीन मिळते ती बोजासहित. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचा पुरावा शोधण्याची वेळ मुलांवर येऊ नये असे वाटत असेल, तर तो दाखला काढून देणारा माणूस हयात असतानाच काम उरकलेले बरे.

कर्जमाफी झाली तर

२०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी माफ झाली, तर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत ही मर्यादा दोन लाख रुपये होती. अशा योजनेत सरकार शेतकऱ्याच्या वतीने बँकेला पैसे देते. म्हणजे माफी होते ती कर्जखात्यात. सातबाऱ्यावरची ओळ काढण्यासाठी तेच पत्र आणि तोच फेरफार लागतो.

माफी अपुरी असेल तर आणखी एक पेच उभा राहतो. कायद्याने गहाण अखंड मानले जाते. कर्जाचा तीनचतुर्थांश भाग फिटला म्हणून तीनचतुर्थांश जमीन सुटत नाही. बँकेने स्वखुशीने एखादा गट मोकळा केला तर गोष्ट वेगळी. शिवाय पीककर्ज माफ झाले तरी विहिरीसाठी, पाइपलाइनसाठी किंवा ट्रॅक्टरसाठी घेतलेल्या मध्यम मुदतीच्या कर्जाची ओळ स्वतंत्र असते आणि ती राहतेच. सातबारा कोरा करण्याची घोषणा ऐकताना आपल्या उताऱ्यावर एकूण किती ओळी आहेत, हे प्रत्येकाने मोजून ठेवावे.

पत्रच मिळत नसेल तर

रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेने मालमत्तेचे मूळ कागद परत करून नोंदवलेले बोजे काढले पाहिजेत. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. तो व्यक्तिगत कर्जांसाठी आहे, ज्यात घरकर्ज येते. शेतकर्ज त्यात धरलेले नाही, आणि ही उणीव भरून निघाली पाहिजे असे मला मनापासून वाटते. शेतकर्जाबाबत बँकेकडे लेखी तक्रार करून ती न सुटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सोसायटीविषयीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करावी. गहाण घेणारा पैसेच स्वीकारत नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ८३ नुसार ती रक्कम न्यायालयात जमा करण्याची सोय आहे.

खासगी सावकारीत तर बोजा दिसतच नाही, कारण पैसे देताना सावकार थेट खरेदीखत करून घेतो आणि ‘पैसे दिलेस की जमीन परत’ असे तोंडी सांगतो. अशी परतीच्या बोलीवरची ‘मुदत खरेदी’ हे गहाण ठरायचे असेल तर परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते. वेगळ्या कागदावरची किंवा तोंडी अट त्यासाठी पुरत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे व वह्या जाळल्या, ते याच तऱ्हेच्या कागदांच्या जाचाला कंटाळून. त्यातून आलेल्या १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब पाहण्याचा अधिकार दिला. आज २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक चौकशी करून बेकायदा सावकारीतून झालेले असे खरेदीखत अवैध ठरवू शकतो आणि जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतो.

बोजा असलेली जमीन विकता येते का

बँकेच्या गहाणाची जमीन विकली तर गहाण जमिनीबरोबर जाते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार विक्रीच्या वेळी असलेले बोजे फेडण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते, अपवाद एवढाच की व्यवहार बोजासहित ठरलेला असावा. सोसायटीच्या इकराराबाबत कायदा अधिक कडक आहे : सर्व कर्ज फिटण्याआधी घोषणापत्रातील जमिनीचे हस्तांतर केले तर ते सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ नुसार निरर्थक ठरते.

आपल्याकडच्या खरेदीखतांत एक ठरावीक परिच्छेद असतो. सदर मिळकत निर्वेध व निजोखमी आहे. ती गहाण, दान, लीज, पोटगी, जप्ती, जामीन अशा कोणत्याही जोखमीत गुंतलेली नाही, असे त्यात लिहून देणारा लिहून देतो. हे वाक्य खोटे निघाले तर खरेदीदाराला भरपाई मागता येते, पण त्या वाक्याने बोजा उतरत नाही. म्हणून जाणते खरेदीदार किमतीतला तेवढा हिस्सा परस्पर बँकेच्या कर्जखात्यात भरतात, बोजा कमी करण्याचे पत्र घेतात आणि मगच दस्ताला बसतात. मागच्या तीस वर्षांत त्या मिळकतीचे कोणते दस्त नोंदले गेले याचा शोध अहवाल काढावा तो याच कारणासाठी, आणि त्यासोबत चालू सातबाऱ्यावर प्रलंबित फेरफार आहे का, हेही पाहावे. कारण बोजा चढवण्याचा अर्ज आत गेलेला असतो आणि ओळ अजून उमटलेली नसते.

बँकच उरली नसेल तर

जुन्या नोंदींतली सर्वांत किचकट प्रकरणे ही. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या; १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, तर आंध्रा आणि कॉर्पोरेशन या बँका युनियन बँकेत गेल्या. सातबाऱ्यावर अजून जुनीच नावे आहेत. अशा वेळी पत्र मागायचे ते नव्या बँकेकडे, आणि त्या पत्रात ‘पूर्वीची अमुक बँक, अमुक शाखा’ असा उल्लेख करून घ्यायचा, नाहीतर नाव जुळत नाही म्हणून फेरफार अडतो. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकेच्या कर्जदारांनाही हेच करावे लागते, कारण ती बँक आता महाराष्ट्र ग्रामीण बँकेचा भाग आहे.

भूविकास बँका तर अवसायनातच निघाल्या, म्हणजे त्यांचा कारभार गुंडाळण्यात आला. त्यांच्या ३४,७८८ कर्जदारांचे सुमारे ९६४ कोटी रुपयांचे कर्ज माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२२ मध्ये घेतला, तोवर बँकेचा कारभार बंद पडलेला आणि बोजा मात्र उताऱ्यावर कायम, अशा स्थितीत ही कुटुंबे वर्षानुवर्षे अडकून होती. कर्ज देणारी संस्था अवसायनात असेल तर दाखला देण्याचा अधिकार तिच्या अवसायकाकडे असतो, आणि तो कोण आहे हे सहकार खात्याच्या जिल्हा कार्यालयात विचारता येते. मागणी लेखी करावी, तिच्यासोबत जुन्या फेरफाराची प्रत आणि पैसे भरल्याच्या पावत्या जोडाव्यात, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी.